नुसतं वाचून दाखवायचे किती?

गोळीबार चौकातली आमची शाखा, काउंटर तीन.
मे महिना. एसी साहेबांच्या केबिनपुरता.
सुलोचनाबाई निखारे पासबुक पुढे सरकवतात
आणि ते उघडत नाही.

कूलरची टाकी गळली, खाली ट्रंक, ट्रंकेत हे.
पानं एकमेकांना बिलगून
पापडासारखी वाळलेली.
मी नखानं एक सोडवतो :
निळसर डाग, त्यात कुठेतरी एक पाचाचा आकडा.

"दिघोरीचा प्लॉट नियमित करून राहिले, जी.
नासुप्रवाले म्हणतात, हप्ते भरल्याचा पुरावा आण.
लेआउटवाला मेला.
त्याचा पोरगा म्हणते, मले काय मालूम."

मी चार कळा दाबतो.
एकेचाळीस पानं. दर पानाला शंभर, वर अठरा टक्के.
चार हजार आठशे अडतीस.
आकडा हळू सांगतो,
हळू सांगितल्यानं तो कमी होत नाही.

"वही माही, कूलर माहा, पाणी माह्या नळाचं. मंजूर.
पण अक्षरं तं तुमची होती ना?
का तीबी भिजली तुमच्याइथं?"

नाही भिजली.
इथे काहीच भिजत नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा
जुन्या खातेवह्या वाडीच्या गोदामात होत्या.
कोणी उतारा मागितला की झिंगरूजी शिपाई सायकल काढायचा,
झुरळं झटकायचा, दोन दिवस खोकायचा.
फी तेव्हाची. त्याच्या खोकल्याची म्हणा.
झिंगरूजी रिटायर झाला,
गोदामात आता लग्नं लागतात,
फी मात्र अजून नोकरीत आहे,
वेतनवाढीसकट.

साहेब म्हणतात, फुकट दिलं तर कोण सांभाळेल पासबुक?
तेही अगदीच खोटं नाही.
एक सराफ दर महिन्याला नवा उतारा मागायचे,
फी लागल्यापासून त्यांना जुना सापडतो.
पण सराफ आणि सुलोचनाबाई
दरपत्रकाला एकाच उंचीचे दिसतात.

"बरं," त्या म्हणतात,
"नुसतं वाचून दाखवायचे किती?"

मी दरपत्रक चाळतो.
चेक परत गेल्याचा आकार, सही जुळवल्याचा,
खातं बंद केल्याचा, बंद न केल्याचा.
वाचण्याचा नाही.
ऐकण्याचा तर नाहीच.

त्या पिशवीतून नातवाची वही काढतात, मागून कोरी.
मी वाचतो :
नऊ ऑगस्ट सतरा, दोन हजार, चेकनं.
अकरा सप्टेंबर, दोन हजार.
मागची रांग आधी कुरकुरते,
मग तिचाच कान लागतो.
"सप्टेंबर म्हणाले ते, काकू, ऑक्टोबर नाही,"
हेल्मेट काखेत धरलेला एक पोरगा सांगतो.

सतरा रुपये सत्तर पैसे.
"हे काय होय?"
एसएमएसचे.
"माह्यापाशी मोबाइल नाही."
मी पुढची ओळ वाचतो.
तीन महिन्यांनी पुन्हा सतरा सत्तर.
त्या तेही उतरवतात, वेगळ्या रकान्यात.

जेवणाची सुट्टी होते आणि जाते.
माझा घसा कोरडा, डबा बंद.
वाचलेल्यावर शिक्का मारता येत नाही,
हे मला माहीत आहे, त्यांनाही.

शेवटी त्या पेन टोपणात घालतात.
"शेवटच्या हप्त्याचं पान तेवढं छापा. शिक्का मारून."
एकशे अठरा, मी म्हणतो.

त्या वही माझ्याकडे फिरवतात.
रकान्याखाली रेघ, रेघेखाली बेरीज,
शाळेत शिकवतात तशी, हातचे वर लिहून :
चौदा वेळा सतरा सत्तर,
दोनशे सत्तेचाळीस ऐंशी.

"याच्यातून कापा तुमचे एकशे अठरा," त्या म्हणतात.
"बाकीचे आज नसले तं उद्या येतो, जी.
घाई नाही."

हेल्मेटवाला पोरगा हसत नाही.
कोणीच हसत नाही.
माझा हात छापण्याच्या कळेवर.
पान यायला तीन सेकंद लागतात,
मी कधीचा मोजतो आहे.